विश्लेषण : खाशाबांना थांबवणारा गुडघा आणि कृत्रिम ‘गादी’ची कसोटी

सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदकविजेते. १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकले. चार वर्षांनंतर मेलबर्नलाही ते पदकाचे दावेदार होते. मात्र गुडघ्याच्या गंभीर दुखापतीने त्यांची ऑलिम्पिकची वाट बंद केली. त्या काळी गुडघ्याच्या आत नेमके काय बिघडले आहे हे पाहण्याचे साधनच डॉक्टरांकडे नव्हते. आज गुडघ्यातील फाटलेली ‘गादी’ शिवता येते, दात्याकडून मिळालेली बसवता येते आणि कृत्रिम गादीही तयार होते. पण ही कृत्रिम गादी माणसाच्या गुडघ्यात टिकेल, याची खात्री कशी केली जाते? खाशाबांच्या आयुष्याच्या निमित्ताने हे समजून घेऊ.

खाशाबा जाधव कोण होते?

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच तालमीचे वातावरण असल्याने कुस्ती लहानपणापासून अंगात भिनली. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटलेला होता. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामात शाळकरी खाशाबांचाही सहभाग होता.

पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. तिथे बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले. खाशाबा उंचीने कमी आणि वजनाने हलके होते. पण चपळाई अशी, की समोरचा सावरण्याआधी पाठीवर पडलेला असायचा. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याला कवेत घेऊन, स्वतःचे अंग वळवून त्याला जमिनीवर आपटायचे, असा हा डाव. पाहणाऱ्याला तो हाताच्या ताकदीचा वाटतो. प्रत्यक्षात सगळा फिरता भार कंबर, गुडघा आणि रोवलेल्या पायावर येतो.

कृष्णा, कोयना आणि वारणेच्या काठचा हा पट्टा कुस्तीचा. सांगली जिल्ह्यातील शिराळा तालुक्यातील पुनवतचे गणपतराव आंदळकर आणि कवठेपिरानचे मारुती माने हे दोघे हिंदकेसरी याच मातीतले. दोघांनीही १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके मिळवली. या पट्ट्यातून जागतिक मॅटकडे जाणारी वाट पहिल्यांदा मळली ती खाशाबांनी.

लंडनमध्ये काय घडले?

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी कोल्हापूरच्या महाराजांनी खाशाबांना आर्थिक मदत केली. तोवर खाशाबा वाढले ते लाल मातीत. लंडनला समोर आली मॅट, आणि नियमही वेगळे. मातीत पाय थोडा रुततो, थोडा सरकतो. मॅटवर बूट घट्ट पकड घेतो. मातीतल्या पैलवानाला हा फरक पहिल्या पावलापासून जाणवतो.

तिथे रीस गार्डनर या प्रशिक्षकाने त्यांना आंतरराष्ट्रीय पद्धतीचे धडे दिले. ५२ किलोखालील फ्लायवेट गटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला आणि अमेरिकेच्या बिली जर्निगनला हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून पराभव झाल्यावर त्यांची वाटचाल सहाव्या स्थानावर थांबली. मॅटची ओळख होऊन काहीच दिवस झालेल्या पैलवानासाठी हे स्थान मोठे होते. खाशाबांना मात्र ते पुरेसे वाटले नाही. परत आल्यावर त्यांनी वजनगट बदलला आणि सराव दुप्पट केला.

हेलसिंकीचे पदक कसे मिळाले?

१९५२ ची लढत निवडीपासूनच सुरू झाली. मद्रासच्या स्पर्धेत एका गुणाने डावलले गेल्याची त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी कुस्ती झाली आणि त्यात खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट करून संघातली जागा मिळवली.

मग प्रश्न पैशांचा. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. विद्यार्थ्याच्या ऑलिम्पिकसाठी प्राचार्यांनी घर गहाण ठेवल्याची ही गोष्ट कोल्हापुरात आजही सांगितली जाते.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोखालील बँटमवेट गटात उतरले. कॅनडाचा एड्रियन पोलिक्विन, मेक्सिकोचा लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीचा फर्डिनांड श्मिट्झ या तिघांना त्यांनी हरवले. नंतर जपानच्या शोहाची इशीशी पंधरा मिनिटांहून अधिक काळ झुंज चालली. ती कुस्ती खाशाबा हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न मिळताच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोवसमोर उभे राहावे लागले. नियमाप्रमाणे मधे अर्धा तास मिळायला हवा होता. पण तो मागण्यासाठी भारतीय पथकातले कुणीच जवळ नव्हते, असे सांगितले जाते. दमलेले खाशाबा ती लढतही हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. तारीख होती २३ जुलै १९५२.

परतल्यावर कराड स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या वेळात संपणारे अंतर कापायला अनेक तास लागले. सत्काराचा धुरळा खाली बसल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्ज फेडण्याचे. कोल्हापुरात कुस्तीचे मैदान भरवून, स्वतः कुस्त्या करून त्यांनी पैसे जमवले आणि खर्डेकरांचे घर सोडवले.

मेलबर्नची संधी का गेली?

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात फौजदार म्हणून रुजू झाले. पुढच्याच वर्षी मेलबर्नला ऑलिम्पिक होते. वय ३०, पदरी दोन ऑलिम्पिकचा अनुभव. कांस्यपदकाचा रंग बदलण्याची हीच वेळ होती. पण गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ते मेलबर्नला जाऊ शकले नाहीत. त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द तिथेच संपली.

त्या काळातल्या डॉक्टरांच्या हाती काय होते, हे पाहिले की खाशाबांपुढची अडचण लक्षात येते. क्ष-किरण चित्रात हाड दिसते. गादी आणि अस्थिबंध दिसत नाहीत. एमआरआय दवाखान्यांत पोहोचायला १९८० चे दशक उजाडावे लागले. लिव्हरपूलचे सर्जन मॅकमरे यांनी १९४० च्या दशकात सांगितलेली हाताने करायची चाचणी उपलब्ध होती. रुग्णाचा पाय वाकवायचा, पोटरी फिरवत सरळ करायचा आणि आत ‘कट्’ होते का ते बोटांनी अजमावायचे. यापुढे जायचे तर गुडघा उघडणे हाच मार्ग होता. उघडल्यावर गादी फाटलेली दिसली, तर ती पूर्ण काढून टाकण्याची रीत होती.

गुडघ्यातील ‘गादी’ म्हणजे काय?

मांडीचे हाड खाली गोलसर असते आणि नडगीच्या हाडाचा वरचा पृष्ठभाग जवळपास सपाट. सपाट फरशीवर चेंडू ठेवला तर तो एका बिंदूवर टेकतो. सगळा भार त्याच बिंदूवर येतो. हे होऊ नये म्हणून दोन हाडांच्या मधे, आतल्या आणि बाहेरच्या बाजूला, चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. वैद्यकीय नाव मेनिस्कस. कडेला जाड, मधे पातळ, म्हणजे पाचरीसारख्या. चेंडूभोवतीची फट त्या भरून काढतात आणि भार मोठ्या क्षेत्रावर पसरवतात.

पाय सरळ असताना गुडघ्यावरचा साधारण निम्मा भार या गाद्यांमधून जातो. गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा सुमारे ८५ टक्क्यांवर जातो. बैठका मारणाऱ्या, खाली वाकून पट काढणाऱ्या पैलवानाचा गुडघा दिवसातून शेकडो वेळा याच स्थितीत असतो.

गादीची खरी करामत तिच्या धाग्यांत आहे. तिच्यात सुमारे ७० टक्के पाणी आणि उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. कोलॅजेनचे बहुतेक धागे कडेने गोलाकार जातात. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवलेली असते, ती आठवा. गाडीवर भार आला की चाकाचे लाकडी भाग बाहेर पसरू पाहतात. धाव त्यांना आवळून धरते. गुडघ्यात असेच होते. वरून वजन आले की पाचरीच्या आकाराची गादी बाहेर सरकू पाहते. गोलाकार धागे ताणले जातात आणि तिला जागेवर धरतात. फरक एवढाच, की ही धाव पूर्ण वर्तुळ नाही. तिची दोन्ही टोके नडगीच्या हाडात घट्ट रोवलेली असतात. टोक उखडले किंवा धागे आडवे तुटले, तर तुटलेली धाव जशी चाकाच्या उपयोगाची नसते, तशीच गादी असूनही निरुपयोगी होते.

पाय रोवलेला, गुडघा वाकलेला आणि वरून अंगाला पीळ, या तीन गोष्टी एकत्र आल्या की गादी फाटण्याचा धोका सर्वाधिक असतो. कुस्तीत हे प्रत्येक डावात घडते. त्यात आणखी एक अडचण आहे. गादीच्या बाहेरच्या कडेलाच रक्तपुरवठा असतो, आतल्या भागाला नसतो. त्यामुळे आतली चीर आपोआप भरून येत नाही.

गादी काढून टाकली तर काय बिघडते?

एकोणिसाव्या शतकात काही नामवंत शरीरशास्त्रज्ञ या गाद्यांना एका लोप पावलेल्या स्नायूचा उरलेला, बिनकामाचा अवशेष मानत. दुसरीकडे एडिंबराचे सर्जन थॉमस ॲनंडेल यांनी १८८३ मध्ये सुटलेली गादी टाके घालून जागेवर बसवली होती. पण प्रघात पडला तो गादी काढण्याचाच. रुग्णाच्या वेदना लगेच थांबत. खेळाडू काही आठवड्यांत मैदानावर परतत. तेव्हा बिघडले कुठे, असा प्रश्न कुणी विचारत नव्हते.

तो विचारला ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी. खाशाबा लंडनच्या मॅटवर उतरले त्याच वर्षी, १९४८ मध्ये, त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. गादी काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासल्यावर त्यांना हाडाच्या कडेला उंचवटा, गोलाईचा सपाटपणा आणि सांध्यातली कमी झालेली फट दिसली. म्हणजे आज ज्याला आपण गुडघ्याची झीज म्हणतो, तिची सुरुवात.

याचे यांत्रिक कारण पुढे प्रयोगशाळेत मोजले गेले. १९८६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दान केलेल्या मृत शरीरांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. पूर्ण गादी काढल्यावर हाडांचे एकमेकांना टेकणारे क्षेत्र सुमारे ७५ टक्क्यांनी घटले आणि एका जागी येणारा सर्वाधिक दाब सुमारे २३५ टक्क्यांनी वाढला. दाब म्हणजे भार भागिले क्षेत्रफळ. भार तोच राहून क्षेत्र घटले, की दाब वाढणारच. शाळेत शिकलेले हे सूत्र गुडघ्यातही तसेच लागू पडते.

खाशाबांच्या वजनगटाचे उदाहरण घ्या. रुग्णांच्या गुडघ्यात मोजणी यंत्रणा असलेले सांधे बसवून केलेल्या अभ्यासांत, साधे चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट आणि जिना उतरताना सुमारे ३.५ पट भार येत असल्याचे दिसले. ५७ किलोच्या माणसासाठी हे अनुक्रमे १४८ आणि २०० किलो होतात. आता याच माणसाने तेवढ्याच वजनाचा प्रतिस्पर्धी अंगावर घेऊन ढाक लावल्याची कल्पना करा. जिना उतरण्याच्या हिशेबात यातले काहीच बसत नाही.

मग गादी बदलता येते का?

फाटलेला भाग कडेजवळ असेल तर पहिली पसंती ती शिवण्यालाच असते. हे शक्य झाले दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे. तिचा मान जपानकडे जातो. केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये टोकियोत मूत्राशय तपासण्याची दुर्बीण मृत शरीराच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस वापरण्याजोगी दुर्बीण तयार केली आणि १९६२ मध्ये तिच्या साहाय्याने फाटलेल्या गादीचा केवळ खराब भाग काढला. खाशाबांच्या दुखापतीला तेव्हा सहाच वर्षे झाली होती.

गादी शिवण्यासारखी नसेल आणि बरीचशी गेली असेल, तर मृत दात्याची गादी बसवतात. जर्मनीत म्युनिकच्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये अशी शस्त्रक्रिया केली. या उपायात दाता मिळणे, गादीचा आकार तंतोतंत जुळणे आणि ती नीट साठवणे अशा तीन अडचणी आहेत. काही मिलिमीटरचा फरकही चालत नाही. गादी मोठी असेल तर बाहेर सरकते, लहान असेल तर सगळा भार स्वतःवर घेऊन फाटते.

म्हणून कृत्रिम गादीचा शोध सुरू झाला. तिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार सच्छिद्र सांगाड्याचा. कोलॅजेन किंवा पॉलियुरेथेनचा स्पंजासारखा तुकडा गादीच्या गेलेल्या भागात शिवतात. शरीराच्या पेशी त्यात शिरून नवी ऊती तयार करतील, अशी अपेक्षा असते. त्यासाठी मूळ गादीची बाहेरची कड शाबूत लागते. दुसरा प्रकार पूर्ण गादीच्या जागी बसणाऱ्या, न विरघळणाऱ्या प्लास्टिकचा. त्यात पॉलिकार्बोनेट युरेथेन या लवचिक पदार्थात मजबूत धागे घालतात. हे धागे म्हणजे पुन्हा बैलगाडीची धावच.

कृत्रिम गादीची कसोटी कशी घेतात?

रुग्णाच्या गुडघ्यात जाण्यापूर्वी कृत्रिम गादीला प्रयोगशाळेत अनेक पायऱ्या पार कराव्या लागतात. सुरुवात होते ती ताण चाचणीने. कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात सळई तोडून पाहण्याचे यंत्र असते, त्याच तत्त्वावर चालणारे लहान यंत्र इथे वापरतात. गादीच्या पदार्थाची पट्टी दोन जबड्यांत धरून ओढतात. किती बळाला ती किती ताणली, हे नोंदवतात. नैसर्गिक गादी धाग्यांच्या दिशेने साधारण १०० मेगापास्कल इतका ताठपणा दाखवते आणि आडव्या दिशेने त्याच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यामुळे पट्टी दोन्ही दिशांनी कापून तपासावी लागते. सर्व दिशांनी सारखाच असलेला रबराचा तुकडा इथेच मागे पडतो.

नंतर दाबाखाली ती कशी वागते ते पाहतात. ठरावीक वजन ठेवून ती तासन् तास कशी चेपत जाते आणि वजन काढल्यावर किती सावरते, याची नोंद होते. खरी गादी चेपताना पाणी हळूहळू बाहेर सोडते आणि विश्रांतीत परत शोषते. कृत्रिम गादी दिवसभराच्या भाराने कायमची चेपली, तर काही महिन्यांत तिची जाडीच उरणार नाही.

पुढची पायरी सगळ्यांत महत्त्वाची. दान केलेला गुडघा यंत्रात बसवून एकच प्रयोग तीनदा करतात. आधी मूळ गादीसह, मग गादी काढून, मग कृत्रिम गादी बसवून. दरवेळी सांध्यात दाब दाखवणारी पातळ फिल्म सरकवतात. फिल्ममध्ये रंगाच्या सूक्ष्म कुप्या असतात. जितका दाब जास्त, तितक्या कुप्या फुटतात आणि रंग गडद होतो. अलीकडे याच कामासाठी इलेक्ट्रॉनिक संवेदकही वापरतात. मूळ गादी असताना रंग फिकट आणि पसरलेला दिसतो. गादी काढल्यावर मधोमध गडद ठिपका उमटतो. कृत्रिम गादी बसवल्यावरचे चित्र पहिल्यासारखे दिसते की दुसऱ्यासारखे, यावर तिचे भवितव्य ठरते.

चौथी चाचणी टिकाऊपणाची. रोज साडेपाच हजार पावले चालणाऱ्या माणसाचा प्रत्येक गुडघा वर्षाला सुमारे दहा लाख वेळा भार झेलतो. दहा वर्षांचा टिकाऊपणा तपासायचा तर एक कोटी आवर्तने हवीत. यंत्राने सेकंदाला एक आवर्तन केले, तरी ते सुमारे ११६ दिवस अखंड चालवावे लागेल. हे सारे शरीराच्या तापमानाला, सांध्यातील वंगणाशी साधर्म्य असलेल्या वासराच्या रक्तद्रवात चालते. मधून मधून गादी काढून वजन करतात. घटलेले वजन म्हणजे झीज. झिजलेले कण किती बारीक आहेत हेही पाहतात, कारण अतिसूक्ष्म कणांमुळे सांध्याला सूज येऊ शकते.

उरतात दोन गोष्टी, पकड आणि घर्षण. टाके किती बळाला सुटतात हे ओढून पाहतात. आणि गादी स्वतः शाबूत राहून समोरच्या हाडावरची गुळगुळीत कूर्चा खरवडत नाही ना, हे तपासतात. हाडाला इजा करणारी मजबूत गादी असण्यापेक्षा गादी नसलेली बरी.

यानंतर मेंढीसारख्या प्राण्यांवर आणि मग माणसांवर चाचण्या होतात.

चाचण्यांवर इतका भर का?

कारण घाईची किंमत रुग्णाला मोजावी लागते. अमेरिकेत कोलॅजेनच्या सांगाड्याला २००८ मध्ये मान्यता मिळाली. मान्यता देताना राजकीय दबाव आल्याचे पुढे त्या देशाच्या औषध प्रशासनानेच मान्य केले आणि २०१० मध्ये ती मागे घेतली. ती मागे घेण्याची पद्धत चुकीची असल्याचा निकाल न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. उपकरण चांगले की वाईट, यापेक्षा ते कशाच्या आधारावर मान्य झाले, हाच वादाचा मुद्दा ठरला.

एक गोष्ट स्पष्ट आहे. नैसर्गिक गादीची सर्व कामे करणारी कृत्रिम गादी अजून तयार झालेली नाही. सध्याचे उपाय मुख्यतः वेदना कमी करण्यासाठी आणि कृत्रिम सांध्याची वेळ पुढे ढकलण्यासाठी आहेत. तेही सर्वांसाठी नाहीत. पायाची ठेवण वाकडी असेल, झीज खूप पुढे गेली असेल किंवा अस्थिबंध तुटलेला असेल, तर त्यांचा फायदा मर्यादित राहतो. वर सांगितलेल्या बहुतेक चाचण्या चालण्याच्या भारावर बेतलेल्या आहेत, ढाक लावण्याच्या नव्हे.

आजच्या पैलवानाला याचा काय उपयोग?

खाशाबांच्या काळाशी तुलना केली तर खूप. विनेश फोगटचा गुडघा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मॅटवरच दुखावला. शस्त्रक्रिया आणि पुनर्वसनानंतर २०१८ मध्ये तिने आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. २०२३ मध्ये पुन्हा गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊनही वर्षभरात ती पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. बजरंग पुनियाने दुखऱ्या गुडघ्यानिशी टोकियोत कांस्य मिळवले. गुडघ्याची दुखापत म्हणजे कारकिर्दीचा शेवट, हे समीकरण आता उरलेले नाही.

पण त्यासाठी दुखापत वेळेत ओळखली जायला हवी. गुडघा मधेच अडकणे, सरळ न होणे, पीळ बसल्यानंतर काही तासांनी सूज येणे, बसून उठताना एका बाजूला कळ येणे ही गादी फाटल्याची लक्षणे असू शकतात. तालमीत अशा गुडघ्याला तेल चोळून, पट्टी बांधून पुन्हा बैठका मारायला लावण्याची सवय जुनी आहे. फाटलेल्या गादीवर मारलेली प्रत्येक बैठक चीर वाढवते आणि शिवता येण्यासारखी गादी काढण्याच्या लायकीची होते. मिरज हे शंभर वर्षांहून अधिक काळ दक्षिण महाराष्ट्राचे वैद्यकीय केंद्र राहिले आहे. कराड, सातारा, कोल्हापूरमध्येही आज एमआरआय आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेची सोय आहे. तालमीपासून दवाखान्यापर्यंतचे अंतर आता तासाभराचे आहे. ते कापायला अनेकदा महिने लागतात, हीच खरी अडचण.

खाशाबांचे पुढे काय झाले?

कुस्ती थांबली तरी खाशाबा तालमीपासून दूर गेले नाहीत. पोलीस दलात त्यांनी साधारण २७ वर्षे सेवा केली, पोलीस खेळाडूंना शिकवले आणि सहायक पोलीस आयुक्त पदावरून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी मात्र त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा मृत्यू झाला. दात्याची गादी गुडघ्यात बसवण्याचा म्युनिकमधला प्रयोग याच वर्षीचा.

हयातीत त्यांना पद्म पुरस्कार मिळाला नाही. अर्जुन पुरस्कारही मिळाला तो मरणोत्तर, दीड दशकाहून अधिक काळ उलटल्यावर. दिल्लीतल्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या सभागृहाला २०१० मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. राज्यात आता त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. खाशाबांनंतर भारताला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ उजाडले. ते लिअँडर पेसने टेनिसमध्ये मिळवले. महाराष्ट्राच्या वाट्याला पुढचे वैयक्तिक पदक आले ते थेट २०२४ मध्ये, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेच्या नेमबाजीतून. मधे ७२ वर्षे गेली.

मेलबर्नला खाशाबा गेले असते तर काय झाले असते, याचे उत्तर कुठलीही प्रयोगशाळा देणार नाही. पण कृष्णाकाठच्या एखाद्या तालमीत आज एखाद्या पोराचा गुडघा ढाक लावताना कटकन वाजला, तर पुढे काय करायचे, याचे उत्तर उपलब्ध आहे. त्या दिवशी कुस्ती थांबवायची आणि गुडघा डॉक्टरांना दाखवायचा. खाशाबांना १९५६ मध्ये ही सोय नव्हती.